रिकामा रकाना

परवा भाची आली होती. ती संगणकावर माहितीचे तक्ते रचण्याचे काम करते. बोलता बोलता 'नल' हा शब्द निघाला. हा दमयंतीचा नल नव्हे! तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात काहीच भरलेले नसते, शून्यसुद्धा नाही, त्या रिकामेपणाला हे लोक नल म्हणतात. असा नल चालू द्यावा की नाही, हा वाद जुना आहे.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली. १९७९ च्या निबंधात त्यांनी 'खरे' आणि 'खोटे' यांच्या जोडीला 'माहीत नाही' असे तिसरे उत्तर मानले. १९९० च्या पुस्तकात तर रिकामेपणाचे दोन प्रकार केले: माहिती असते पण हाती नाही, आणि माहिती तिथे लागूच होत नाही.

त्यांचेच सहकारी सी. जे. डेट यांना हे पटले नाही. कॉड यांची पद्धत लोकांपर्यंत नेण्यात डेट यांचा मोठा वाटा, पण नलच्या बाबतीत ते ठाम विरोधात. १९९५ साली ह्यू डार्वेन यांच्यासह लिहिलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी नलला बंदीच घातली. व्यवहारात चालली ती एसक्यूएल भाषा. तिने नल ठेवला, पण एकाच प्रकारचा.

भाचीने उदाहरण दिले गुणपत्रकाचे. गैरहजर मुलाचा रकाना नल ठेवला आणि '३५ पेक्षा कमी गुण असलेले' विचारले, तर तो यादीत येत नाही. '३५ किंवा जास्त' विचारले, तरी येत नाही! सरासरी काढतानाही तो वगळला जातो. खास 'ज्यांचा रकाना रिकामा आहे ते' असे विचारले तरच तो सापडतो.

मला माझा जुना वर्ग आठवला. एका मुलाच्या गणिताच्या रकान्यात मी 'गै.ह.' ऐवजी शून्य लिहिले होते. तो तापाने घरी होता. निकालाच्या दिवशी ते शून्य मी वर्गासमोर मोठ्याने वाचले. पोरे हसली. तो मान खाली घालून बसला, काही बोलला नाही. चूक माझ्या लक्षात आली ती संध्याकाळी, हजेरीपट पाहताना. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली, पण हसणे थोडेच खोडता येते?

म्हणून शून्यापेक्षा नल बरा, हे नक्की. तरी माझे मत डेट यांच्याकडे झुकते. ते म्हणतात, गुणांच्या तक्त्यात फक्त परीक्षा दिलेल्यांचीच नावे ठेवा, न दिलेल्यांचा तक्ता वेगळा करा. वेगळी यादी समोर असली की मास्तर निदान विचारतो, "हा का आला नाही?"

भाची म्हणते, "मामा, एवढे तक्ते सांभाळायचे कोणी?" तिचेही खरे आहे. असो. तुम्हांला काय वाटते, जरूर कळवा.