नहरींच्या शहरात आलिशान हॉटेल कसं निवडायचं? भोकरहून संभाजीनगरला जाणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

कालव्यांचं ऐतिहासिक शहर म्हटलं की व्हेनिस किंवा अ‍ॅमस्टरडॅम आठवतं. पण असं एक शहर आपल्या मराठवाड्यातही आहे. फरक इतकाच, की तिथले कालवे जमिनीखालून वाहतात आणि त्यांना नहर म्हणतात. ते शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचं औरंगाबाद.

आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो, नव्या जोडप्याची सहल असो किंवा परगावी स्थायिक झालेल्या भावंडांची भेट, भोकर-नांदेडकडच्या कुटुंबांना दोन रात्री चांगल्या हॉटेलात घालवायच्या असतील तर हे शहर सोयीचं आहे. अडचण येते ती निवडताना. मोबाइलवर फोटो सगळ्यांचेच सुंदर दिसतात आणि तारेही सगळ्यांपुढे असतात. मग बघायचं काय? या शहरापुरतं उत्तर तीन शब्दांत देता येतं: दिशा, पाणी आणि कर.

आधी नहरींबद्दल थोडं

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी इथे आपली राजधानी वसवली. 1612 मध्ये त्याने भडकल दरवाजा बांधला. शहर वाढायला लागलं, तसा पाण्याचा प्रश्न आला. जवळची खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूल-सावंगीच्या बाजूला जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करून ते भूमिगत मार्गाने शहरात आणण्यात आलं. हीच नहर-ए-अंबरी. गंमत म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रसिद्ध कालव्यांचं खोदकामही 1613 मध्ये, म्हणजे त्याच दशकात सुरू झालं.

या नहरीला मोट लागत नव्हती आणि पंपही लागत नव्हता. जमिनीचा उतार बरोबर पकडलेला असल्यामुळे पाणी आपोआप पुढे सरकत असे. गाळ काढण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी ठिकठिकाणी तोंडं ठेवलेली होती. मलिक अंबरचा मृत्यू 1626 मध्ये झाला, त्याची कबर खुलताबादला आहे. पुढे 1653 मध्ये औरंगजेबाने शहराला औरंगाबाद हे नाव दिलं. मुघल काळात आणखी नहरी जोडल्या गेल्या. 2023 मध्ये शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं.

यातल्या बऱ्याच नहरी आज फुटल्या आहेत, बुजल्या आहेत किंवा त्यांच्यावर बांधकामं उभी राहिली आहेत. नहरीचं पाणी डोळ्यांनी बघायचं तर पाणचक्कीला जावं लागतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, खाम नदीच्या काठी हा परिसर आहे. कित्येक किलोमीटरवरून आलेलं पाणी इथे उंचावरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरत असे.

‘कालव्याकाठचं हॉटेल’ इथे मिळतं का?

व्हेनिसमध्ये जुन्या महालांचीच हॉटेलं झाली आहेत. तिथलं डॅनिएली हॉटेल 1822 मध्ये सुरू झालं. अशा ठिकाणी खिडकीतून कालवा दिसणाऱ्या खोलीचे जास्त पैसे मोजावे लागतात. संभाजीनगरात नहर जमिनीखाली असल्यामुळे तो हिशेब इथे लागू पडत नाही. शहरातली मोठी हॉटेलंही बहुतेक जुन्या तटबंदीच्या बाहेर, नव्या वस्तीत आहेत. त्यामुळे हॉटेलच्या जाहिरातीत ‘हेरिटेज’ असा शब्द दिसला तर तो इमारतीच्या वयाबद्दल आहे की फक्त कमानी आणि घुमट असलेल्या सजावटीबद्दल, हे विचारून घ्यावं.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची हॉटेल वर्गीकरणाची पद्धत आहे. एक ते पाच तारे, त्यावर पाच तारा डिलक्स, आणि जुन्या वाडे-हवेल्या-महालांसाठी वेगळा हेरिटेज वर्ग. हेरिटेज वर्गासाठी इमारत 1950 पूर्वीची असावी लागते. हे वर्गीकरण घ्यायचं की नाही, हे हॉटेलच्या मर्जीवर असतं, आणि घेतलं तर ते ठराविक मुदतीपुरतंच असतं. बुकिंग साइटवर दिसणारे तारे मंत्रालयाचेच असतील असं नाही. ग्राहकांनी दिलेले गुण ही तर तिसरीच गोष्ट. म्हणून फोन करून सरळ विचारावं: “पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण आहे का? कधीपर्यंत?”

पहिली गोष्ट: दिशा

भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेस थेट संभाजीनगरला जाते. नांदेडला येऊन गाडी धरली तर पर्याय वाढतात. नांदेड ते संभाजीनगर हे रेल्वेचं अंतर सुमारे 240 किलोमीटर आहे. रेल्वे स्टेशन शहराच्या दक्षिणेला आहे, तर विमानतळ पूर्वेला चिकलठाण्याला, जालना रोडवर.

मोठ्या हॉटेलांची ठिकाणं साधारण अशी विभागली आहेत:

- पूर्वेला, चिकलठाणा आणि जालना रोड: आयटीसी समूहाचं वेलकमहॉटेल रामा इंटरनॅशनल आणि लेमन ट्री याच पट्ट्यात आहेत. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांना आणि कामासाठी येणाऱ्यांना हा भाग जवळ पडतो.
- उत्तरेला, रौजाबाग: ताज समूहाचं विवांता इथे आहे. दिल्ली दरवाजा, हर्सूल आणि अजिंठ्याचा रस्ता या बाजूने जवळ.
- स्टेशन रोड: एमटीडीसीचं निवासस्थान याच रस्त्यावर आहे. ते आलिशान म्हणता येणार नाही, पण रेल्वेने येणाऱ्याला सोयीचं आहे.

आता कुठे जायचं आहे ते बघा. वेरूळची लेणी शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर, नगर नाक्यावरून पश्चिमेकडे निघणाऱ्या रस्त्याने. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि घृष्णेश्वर त्याच वाटेवर. अजिंठा मात्र जवळजवळ 100 किलोमीटरवर, हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या मार्गाने ईशान्येला. बीबी का मकबरा आणि पाणचक्की शहराच्या वायव्य भागात.

म्हणजे चिकलठाण्याला उतरून वेरूळला जायचं तर आधी पूर्ण जालना रोड आणि क्रांती चौक ओलांडावा लागतो. गर्दीच्या वेळी यातच बराच वेळ जातो, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तेच. घरची वडीलधारी माणसं सोबत असतील तर हा फरक खोलीतल्या मोठ्या टीव्हीपेक्षा जास्त जाणवतो. अजिंठा मुख्य असेल तर उत्तरेची बाजू बरी. वेरूळ-दौलताबाद मुख्य असेल तर शहराच्या पश्चिमेला किंवा स्टेशनच्या बाजूला चांगलं हॉटेल मिळतं का ते आधी बघावं.

वारसुद्धा लक्षात ठेवायला हवा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवारी मुक्कामाला पोहोचलात तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम बसतो. उलट केलं तर दोन्ही दिवस फुकट जातात आणि हॉटेलचं बिल तेवढं भरावं लागतं. अजिंठ्याला पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय मिळते.

दुसरी गोष्ट: पाणी

इथे नहरीची गोष्ट आजच्या काळाशी येऊन भिडते. चारशे वर्षांपूर्वी काही किलोमीटरवरचं पाणी उताराने घरापर्यंत येत होतं. आज शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे सुमारे 50 किलोमीटरवरून, पंपांनी उचलून आणावं लागतं. ही तीच गोदावरी, जी पुढे नांदेडला येते. गेली कित्येक वर्षं शहराच्या अनेक वस्त्यांत नळाला पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्यानेही पाणी आलेलं आहे. पाणी येण्याच्या दिवसावर लोक धुणं, पाहुणे आणि घरातली कार्यं ठरवतात.

अशा शहरात हॉटेलच्या नळाला चोवीस तास पाणी येतं, तेव्हा ते महापालिकेच्या जोडणीशिवाय बोअर, टँकर आणि मोठ्या साठवण टाक्यांच्या जोरावर येत असतं. हॉटेलची खरी तयारी इथेच कळते, विशेषतः मार्च ते जून या महिन्यांत. बुकिंग करण्याआधी हे प्रश्न विचारण्यात संकोच नको:

1. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? साठवण किती दिवसांची आहे?
2. गरम पाणी दिवसभर मिळतं की ठराविक वेळेतच?
3. सांडपाणी शुद्ध करून बागेला किंवा फ्लशला वापरतात का?
4. जलतरण तलाव चालू आहे का? फोटोतला तलाव एप्रिल-मेमध्ये बंद असू शकतो.
5. पिण्याच्या पाण्यासाठी जार किंवा काचेच्या बाटल्या मिळतात की प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागतात?

सांडपाणी शुद्ध करून वापरणारं हॉटेल टंचाईच्या महिन्यांत कमी अडतं. शेजारच्या वस्तीच्या पाण्यावरचा त्याचा भारही कमी असतो. मराठवाड्यातल्या माणसाला बाथटब भरताना ही गोष्ट आपोआप आठवते. टब नसलेली, पण चांगला शॉवर असलेली खोली घेतली तर मुक्कामात काही उणं पडत नाही. हंगाम निवडण्याची मोकळीक असेल तर पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जावं. तेव्हा धरणात पाणी असतं, वेरूळचे डोंगर हिरवे असतात आणि लेण्यांमध्ये फिरताना उन्हाचा त्रास होत नाही.

तिसरी गोष्ट: कर आणि बिल

22 सप्टेंबर 2025 पासून, एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर 5 टक्के जीएसटी लागतो. त्याच्या वर गेलं की 18 टक्के. प्रत्यक्ष हिशेब असा:

- भाडं 7,500 रुपये: कर 375, एकूण 7,875 रुपये
- भाडं 7,600 रुपये: कर 1,368, एकूण 8,968 रुपये

भाड्यात फरक 100 रुपयांचा, बिलात मात्र 1,093 रुपयांचा. दोन रात्रींचे 17,936 रुपये होतात. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. म्हणजे या दोन रात्री तीन क्विंटलहून जास्त सोयाबीनच्या किमतीच्या झाल्या, जेवण आणि गाडी वेगळीच. कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो आणि जादा गादीचे पैसेही त्यातच धरले जातात. त्यामुळे भाडं 7,500 च्या आसपास असेल तर “सगळं धरून शेवटची रक्कम किती?” हे लेखी मागून घ्यावं.

जेवणाचंही तसंच. ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एखादी खोली 7,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याने दिली गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला 5 टक्केच. म्हणून नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर घ्यावा, आणि रात्रीचं जेवण रोज हॉटेलातच घ्यायचं की नाही ते आधी ठरवावं. संभाजीनगरला येऊन नान खलिया न खाता परतणं मांसाहार करणाऱ्यांसाठी तरी चुकीचंच, आणि तो जुन्या शहराच्या गल्ल्यांतच मिळतो.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. टीप द्यायची की नाही, हे पाहुण्याने ठरवायचं.

बुकिंगआधी शेवटची उजळणी

- गाडी पहाटे किंवा सकाळी पोहोचत असेल तर खोली किती वाजता मिळेल? बहुतेक हॉटेलांत ती दुपारी मिळते. लवकर हवी असेल तर जादा पैसे लागतात का?
- बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, आणि कोणत्या तारखेपर्यंत?
- वयस्कर माणसांसाठी लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची खोली मिळेल का?
- वेरूळ-अजिंठ्यासाठी गाडी हॉटेलकडून घेतली तर दर काय? बाहेरच्या टॅक्सीशी तुलना करून मग ठरवावं.
- मुलांचं वय किती असेल तर जादा पैसे लागत नाहीत?
- साइटवरचा दर आणि हॉटेलला थेट फोन केल्यावर मिळणारा दर, दोन्ही विचारावे.

नहर बघायला वेळ ठेवा

बहुतेक पाहुणे एक दिवस वेरूळला आणि एक दिवस अजिंठ्याला देतात, आणि ज्या पाण्यावर हे शहर उभं राहिलं ते न बघताच परततात. पाणचक्की, तिच्या शेजारचा महमूद दरवाजा आणि मलिक अंबरचा भडकल दरवाजा एवढं बघायला अर्धा दिवस पुरतो. हॉटेल निवडताना हा अर्धा दिवस हिशेबात धरला, तर पूर्व, उत्तर की स्टेशनची बाजू हे ठरवणंही सोपं जातं.