एकतीस मेची मध्यरात्र

५ डिसेंबर १८४० रोजी इलिनॉय राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्ड येथे, एकतीस वर्षांच्या एका आमदाराने सभागृहाच्या खिडकीतून खाली उडी मारली. नवे विधानभवन तेव्हा पुरे झालेले नव्हते. कनिष्ठ सभागृहाचे काम एका चर्चमध्ये चालत असे. राज्याच्या बँकेला आपल्या नोटांच्या बदल्यात सोने-चांदी न देण्याची सवलत मिळालेली होती, आणि ती चालू विशेष अधिवेशन संपेपर्यंतच टिकणार होती. अधिवेशन संपवावे हा विरोधकांचा डाव, तर ते संपूच नये म्हणून गणपूर्ती होऊ न देणे हा या आमदाराच्या पक्षाचा प्रतिडाव. हा आमदार दोघा सहकाऱ्यांसह केवळ देखरेखीसाठी सभागृहात थांबला होता. आपलीही मोजणी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले, दारे तर बंद, तेव्हा खिडकी. उडी व्यर्थ गेली. गणपूर्तीची नोंद आधीच झालेली होती आणि अधिवेशन संपले. या आमदाराचे नाव अब्राहम लिंकन. पुढे त्याला या प्रकाराचा पश्चात्ताप वाटत असे, असे त्याच्यासोबत उडी मारणाऱ्या जोसेफ गिलेस्पीने सांगून ठेवले आहे.

ही कथा चरित्रांतून गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांला मात्र तिच्यात त्या राज्याच्या पुढच्या इतिहासाची एक खूण दिसते. कायदेमंडळाच्या अधिवेशनाची अखेर ही तेथे नुसती तारीख नसते. ते एक हत्यार असते. आणि हत्यार म्हटले की ते कोणावर तरी चालणारच. १८४० मध्ये ते बँकेवर चालले. २०१५ ते २०१७ या काळात ते विद्यापीठांवर चालले.

यासाठी तेथील व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. इलिनॉयचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. ३१ मेपर्यंत मंजूर झालेले विधेयक साध्या बहुमताने लगेच अमलात येऊ शकते. त्या मध्यरात्रीनंतर मंजूर झालेले विधेयक तत्काळ लागू करायचे तर तीन पंचमांश मते लागतात. ११८ सदस्यांच्या कनिष्ठ सभागृहात ही संख्या ७१ होते. पूर्वी ही सीमारेषा ३० जून होती. १९९४ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून ती महिनाभर अलीकडे ओढली. आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी हाताशी वेळ राहावा, हा हेतू चांगलाच म्हणायचा. पण व्यवहारात असे झाले, की ३१ मेपर्यंत बहुमतवाल्यांचे राज्य आणि १ जूनपासून अल्पमतवाल्यांची किंमत.

आपल्याकडील वाचकाला येथे एक शंका येईल. अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर लेखानुदान घ्यावे. राज्यघटनेच्या २०६व्या अनुच्छेदात त्याची सोय आहे. शिवाय विधानसभेत खर्चाच्या मागण्या फेटाळल्या गेल्या तर सरकारच पडते, कोंडी वर्षानुवर्षे चालत नाही. अमेरिकेतील राज्यांत राज्यपाल स्वतंत्रपणे निवडून येतो. कायदेमंडळ त्याला अशा कारणाने पाडू शकत नाही, तोही कायदेमंडळ विसर्जित करू शकत नाही. दोघेही आपापल्या जागी सुरक्षित बसून एकमेकांची वाट पाहू शकतात. (मार्चअखेरीस आलेले अनुदान परत जाऊ नये म्हणून ग्रंथालयासाठी दोन दिवसांत मिळतील ती पुस्तके विकत घेण्याचे पुण्यकर्म आम्हीही केले आहे. तारखेचा जाच आम्हांला अपरिचित नाही. पण आमच्या जाचाला निदान १ एप्रिल असतो.)

२०१५ च्या जानेवारीत रिपब्लिकन पक्षाचे ब्रूस राउनर राज्यपाल झाले. त्याच महिन्यात वैयक्तिक प्राप्तिकराचा तात्पुरता वाढवलेला दर संपून तो पाच टक्क्यांवरून पावणेचारवर आला होता. तिजोरीत खड्डा पडणार हे उघड होते. कामगार संघटनांच्या अधिकारांना आळा, मालमत्ताकर गोठवणे, लोकप्रतिनिधींच्या कार्यकाळावर मर्यादा अशा आपल्या मागण्या मान्य झाल्याखेरीज करवाढीला हात लावणार नाही, अशी राउनर यांची भूमिका. कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे मायकेल मॅडिगन, त्या मागण्या अर्थसंकल्पाशी जोडायलाच तयार नव्हते. मेअखेर कायदेमंडळाने उत्पन्नाचा मेळ न बसणारी खर्चाची विधेयके मंजूर केली. जूनमध्ये राज्यपालांनी एक वगळता बहुतेक सगळ्यांवर नकाराधिकार वापरला. १ जुलैला राज्य अर्थसंकल्पाविनाच नव्या वर्षात शिरले. पुढच्या वर्षीची ३१ मे तशीच गेली. त्याच्या पुढच्या वर्षीचीही.

आता आम्हांला जे सांगायचे आहे ते येथे आहे. राज्य बंद पडले नाही. नकाराधिकारातून वगळलेले ते एक विधेयक शालेय शिक्षणाचे होते. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या नाहीत तर घराघरांतून ओरड होईल, हे दोन्ही पक्ष जाणून होते. राज्य कर्मचाऱ्यांचे पगार न्यायालयाच्या आदेशाने चालू राहिले. कर्जावरील व्याज आणि निवृत्तिवेतन यांची तरतूद कायद्यानेच बांधलेली होती. वैद्यकीय साहाय्याचा मोठा भाग न्यायालयीन करारांखाली येत होता. एकेक करून ज्याला त्याला छत्री मिळाली. पावसात उरली ती सामाजिक सेवा करणाऱ्या संस्था आणि सार्वजनिक विद्यापीठे. त्यांच्यासाठी ना आदेश होता, ना करार. बहुतांश खर्च असा परस्पर चालू राहिल्यामुळेच कोंडी फोडण्याची निकड कोणाला भासली नाही. विद्यापीठ एका दिवसात बंद पडत नाही. ते आधी एक जागा भरत नाही, मग एक नियतकालिक बंद करते, मग एक विषय. तोवर सभागृहातला माणूस म्हणतो, चालले आहे की!

गरजू विद्यार्थ्यांना राज्याकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचेही तेच. १ लाख ३० हजारांच्या आसपास विद्यार्थी तीवर अवलंबून. पत्रे गेली, रक्कम गेली नाही. अनेक विद्यापीठांनी ती आपल्या गंगाजळीतून भरली. ज्यांची गंगाजळी मोठी त्यांना ते जमले.

गंगाजळी कोणाची मोठी आणि का, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा इतिहासातच आहे. १८६२ मध्ये याच लिंकनने, आता राष्ट्राध्यक्ष या नात्याने, मॉरिल कायद्यावर सही केली. त्यानुसार प्रत्येक राज्याला महाविद्यालयांच्या उभारणीसाठी, काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३० हजार एकर, या हिशेबाने जमीन वा जमिनीचे हक्कपत्र मिळाले. इलिनॉयच्या वाट्याला ४ लाख ८० हजार एकर आले. (ती जमीन मूळची कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आता आदिम जमातींचे वंशज तो विचारू लागले आहेत.) त्यातून १८६७ मध्ये अर्बाना येथे जे विद्यापीठ स्थापन झाले तेच आजचे इलिनॉय विद्यापीठ. त्याच वर्षी शिकागोच्या दक्षिणेला, ब्लू आयलंड येथे, शिक्षक घडवणारी एक शाळा सुरू झाली. गळक्या छपराच्या, रेल्वेच्या एका मालडब्यात. तीच वाढत वाढत शिकागो स्टेट युनिव्हर्सिटी झाली. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन संस्था. एकीला जमिनीचे वरदान, दुसरीला मालडबा. दीडशे वर्षांनी जेव्हा राज्याचा पैसा थांबला तेव्हा पहिलीने शुल्क, संशोधनाचा निधी आणि देणग्या यांच्या बळावर दिवस काढले. दुसरीपाशी काढायला दिवसच थोडे होते.

शिकागो स्टेटचे बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय. पुष्कळसे वयाने मोठे, नोकरी सांभाळून शिकणारे. फेब्रुवारी २०१६ मध्ये विद्यापीठाने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. वसंत ऋतूतील सुटी रद्द करून सत्र एप्रिलअखेर आटोपते घेण्यात आले, कारण मे महिन्यात वर्ग चालवायला पैसे उरतील याची खात्री नव्हती. कर्मचाऱ्यांना आपापल्या खोल्यांच्या किल्ल्या परत करण्याच्या सूचना गेल्या. या किल्ल्यांच्या बातमीने आम्ही अस्वस्थ झालो होतो. प्राध्यापकाच्या खोलीत असते ते काय? न तपासलेल्या उत्तरपत्रिका, समासात टिपणे केलेली पुस्तके, कोणा विद्यार्थ्याचा अर्धवट प्रबंध.

एप्रिलच्या उत्तरार्धात कायदेमंडळाने उच्च शिक्षणासाठी ६० कोटी डॉलरचे तात्पुरते साहाय्य मंजूर केले. त्यातले सुमारे २ कोटी शिकागो स्टेटला मिळाले. पण त्याच सुमारास तेथील तीनशेंहून अधिक लोकांची नोकरी गेली. पुढच्या शरद ऋतूत पूर्णवेळ नवागत विद्यार्थी आले ते ८६. उशिरा आलेले अनुदान कोशागारातून निघते. बंद पडणाऱ्या ठिकाणी आपल्या मुलीला पाठवावे की नाही याचा निर्णय आईने त्याच्या कितीतरी आधी घेतलेला असतो.

झळ एकट्या शिकागो स्टेटला बसली नाही. चार्ल्सटनच्या ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात नोकरकपात झाली. नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठाने कर्मचाऱ्यांना सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवले.

साहित्याच्या अभ्यासकाला शिकागो स्टेटचे नाव परिचित असते ते ग्वेंडोलिन ब्रूक्समुळे. १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय लेखक. १९६८ पासून २००० मधील मृत्यूपर्यंत ती इलिनॉयची राजकवी होती. शेवटची काही वर्षे ती शिकागो स्टेटमध्ये शिकवत असे, आणि कृष्णवर्णीय साहित्याच्या अभ्यासासाठी तिच्या नावाचे केंद्रही तेथेच आहे. तिची जन्मतारीख ७ जून १९१७. म्हणजे इलिनॉयने तिसऱ्यांदा ३१ मेची मर्यादा ओलांडली, त्याच्या बरोबर एका आठवड्याने तिची जन्मशताब्दी आली. राज्याने आपल्या राजकवीला मानवंदना दिली. तिच्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पूर्ण तरतुदीवर मात्र अजून मतदानच व्हायचे होते.

ते झाले ६ जुलै २०१७ रोजी, ७३६व्या दिवशी. त्या दिवशी विधानभवनात कोणीतरी संशयास्पद भुकटी फेकल्याने दारे बंद करण्यात आली आणि मतदान दोन तास लांबले. या वेळी मात्र खिडकीतून कोणी उडी मारली नाही. राज्यपालांचा नकाराधिकार मोडून काढायला तीन पंचमांश मते हवी होती. करवाढीच्या विधेयकाला ७१ पडली. एकही जास्त नाही. त्यांत राज्यपालांच्याच पक्षाचे काही सदस्य होते. प्राप्तिकर ४.९५ टक्के झाला, म्हणजे अडीच वर्षांपूर्वी जेथे होता जवळजवळ तेथेच परत आला. नव्या वर्षासाठी विद्यापीठांना २०१५ च्या तुलनेत दहा टक्के कमी रक्कम मंजूर झाली.