तारांना पर्याय: एक जुनीच कल्पना

चाळिशीत दातांना तारा लावायच्या म्हटलं की "आता या वयात?" हा प्रश्न येतोच. मग कुणीतरी पारदर्शक अलाइनर सुचवतं आणि आपल्याला वाटतं, हे अगदी कालपरवाचं तंत्र. पण खरं सांगू? मूळ कल्पना १९४५ ची आहे.

त्या वर्षी अमेरिकेतले दंतवैद्य हॅरॉल्ड केसलिंग यांनी 'टूथ पोझिशनर' मांडला. पेशंटच्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती करायची, तिच्यातले दात कापून मेणात सरळ बसवायचे आणि त्यावरून रबराचं साधन घडवायचं. तारा काढल्यावर उरलेली किरकोळ दुरुस्ती ते करायचं. अशा साधनांची मालिका केली तर दात बरेच हलवता येतील, हेही केसलिंगना दिसलं होतं. मग अडलं कुठे? प्रत्येक टप्प्याचे दात हातानेच मांडायचे, एवढी मेहनत करणार कोण?

१९७० च्या दशकात अमेरिकेत क्रेव्हन कुर्झ आणि जपानमध्ये किन्या फुजिता यांनी तारा दातांच्या आतल्या बाजूला नेल्या. तारा लपल्या, पण जिभेला टोचू लागल्या.

१९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी 'अलाइन टेक्नॉलॉजी' काढली आणि केसलिंगचं हातकाम संगणकाकडे गेलं. चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या!

साधन बदललं, हाड मात्र तेच. एका बाजूचं हाड झिजतं, दुसरीकडे नवं भरतं, तेव्हाच दात सरकतो. म्हणून अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. आणि हो, त्याआधी हिरड्या तपासून घ्या.