दोन याद्यांच्या मधलं पोर

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. तो वाजवायचा मान मी दरवर्षी वर्गातल्या सगळ्यात वांड पोराला द्यायची. मुख्याध्यापकांना वाटायचं, बाई पोरांना लाडावून ठेवतात. खरं कारण साधं होतं. त्या पोराला दर तासाला उठून पळायला मिळायचं, आणि मधला वेळ मला शिकवायला मिळायचा. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीच्या बाईंनी बदली झाल्यावर कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तेव्हाच ही युक्तीही दिली. त्यांना ती कुणी दिली होती, ते विचारायचं राहून गेलं.

अंकुशनगर हे जुनं गाव नव्हे. अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती क्वार्टर, दुकानं, हॉटेलं, शाळा असं सगळं जमत गेलं. कारखाना उभा करणारे अंकुशराव टोपे १९९१ साली जालन्याचे खासदार झाले. त्यांचंच नाव या वसाहतीला. त्याही मागे गेलं तर गोष्ट पाण्याची आहे. १९७६ साली पैठणचं जायकवाडी धरण पुरं झालं, डाव्या कालव्याला पाणी सुटलं, आणि ज्वारी-बाजरीच्या या पट्ट्यात ऊस दिसायला लागला. उसाबरोबर कारखाना आला, कारखान्याबरोबर तोडणीच्या टोळ्या आल्या, टोळ्यांबरोबर पोरं आली.

म्हणून माझ्या वर्गात दोन जातीची पोरं असायची. जात म्हणजे ती जात नव्हे. एक क्वार्टरमधली, बारमाही. दुसरी तळावरची. दिवाळीच्या आगेमागे यायची, गव्हाण थांबली की निघून जायची. आईबाप मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. पहाटे अंधारात ती फडात जायची आणि मागे कोपीवर सात-आठ वर्षांची मुलगी आपल्या धाकट्याला काखेत घेऊन उभी असायची. अशी मुलगी शाळेत आलीच तर धाकट्यासकट यायची.

या सगळ्यांत दरवर्षी दोन-तीन पोरं वेगळी निघायची. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही. वांड, द्वाड, उनाड, अवखळ, चुळबुळ्या, भिंगरी, उपद्व्यापी. बसल्या जागी मांडी हलायची, पाटी फुटायची, दुसऱ्याचं उत्तर तोंडातून पडायच्या आत यांचं बाहेर यायचं. आया म्हणायच्या, "बाई, ह्याच्या पायाला भवरा हाय." आणखी एक जात होती, तिला मात्र फार शब्द नव्हते. ती पोरं हलायची नाहीत, बोलायची नाहीत, खिडकीबाहेर बघत बसायची. त्यांना एकच शब्द होता, मंद. ती बहुतेक मुली असायच्या. वांड पोरांची मला आजही नावं आठवतात. खिडकीतल्या मुलींपैकी एकीचंही आठवत नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही.

उपायही ठरलेले होते. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. देवाचा अंगारा कपाळाला लागायचा. ते करून थकले की बाप शाळेत यायचा आणि सांगायचा, "बाई, हाडं माझी, कातडं तुमचं." माझ्या सुरुवातीच्या वर्षांत टेबलावर छडी असायची आणि ती मी वापरली आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानं शाळेतली मारहाण बंद केली तो कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या बऱ्याच आधी माझी छडी सुटली होती, पण त्याचं श्रेय माझं नाही. एका पोरानं ती सोडवली.

हा तळावरचा होता. दुसरीच्या वयाचा, पण अक्षर येत नव्हतं. पाच मिनिटं बसायचा नाही. एकदा मी छडी उगारली तर मारायच्या आधीच त्यानं हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "बाई, ही गाडी सकाळपासून तिसऱ्यांदा चालली." रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मी बाहेर जाऊन बघितलं. पुढचे आठ दिवस मी त्याला विचारत राहिले आणि मजा बघत राहिले. कुठला ट्रॅक्टर किती खेपा करतो, कुठल्या गाडीचा कुठला बैल लंगडतो, कुणाच्या मोळ्या सैल बांधलेल्या असतात, सगळं त्याच्या डोक्यात होतं. लक्ष नव्हतं असं नव्हे. लक्ष सगळीकडे होतं, फळ्यावर तेवढं नव्हतं. ट्रॅक्टरच्या पाटीवरचे आकडे लिहायला लावून मी त्याला एक ते शंभर शिकवले. फेब्रुवारी संपता संपता पाढ्यांवर आलो आणि पट्टा पडला. टोळी गेली. पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली असावी, पोरगं परत आलं नाही.

आणि तपासणी असली की मी काय करायची, तेही सांगते. विस्तार अधिकारी यायचे त्या दिवशी वर्ग शांत दिसायला हवा. मग अशा पोराच्या हातात घागर द्यायची आणि पाण्याला पाठवायचं. ते परत आलं की खडू आणायला. पाहुणे जाईपर्यंत पोर बाहेर. कुठल्याही शेऱ्यात ते कधी आलं नाही.

एडीएचडी हा शब्द मी निवृत्त झाल्यावर ऐकला, तोही स्वतःच्या घरात. पुण्याला नातू नऊ वर्षांचा होता. शाळेच्या डायरीत रोज लाल शाईनं एक ओळ यायची. शेवटी शाळेनं बोलावून सांगितलं, याला दुसरीकडे बघा. सुनेनं मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, दोन-तीन भेटी झाल्या, आम्हाला आणि शिक्षकांना प्रश्नावल्या भरायला दिल्या. मग तिचा फोन आला. "आई, त्याला एडीएचडी आहे म्हणतात. मेंदूच्या वाढीतला फरक आहे, वळणाचा दोष नाही." मी म्हटलं, "अगं, म्हणजे आमचा घंटेवाला." ती रडत होती, ती हसली.

मग मी वाचायला लागले. मास्तरकीची खोड, नवीन धडा आला की आधी त्याचा इतिहास काढायचा. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं तीन व्याख्यानांत अशा ४३ मुलांची हकीकत मांडली. त्यातल्या कितीतरी मुलांची बुद्धी चांगली होती, तरी ताबा नव्हता. स्टिलनं त्याला नैतिक ताब्याचा दोष म्हटलं. म्हणजे साहेबाच्या देशातही पहिलं नाव ठेवलं ते द्वाडच. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं डोकेदुखीवर म्हणून मुलांना एक उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीचं काही झालं नाही, पण मुलं बसून गणितं सोडवायला लागली. मुलांनीच त्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव पाडलं. एडीएचडी हे नाव अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात आलं १९८७ साली, आणि त्याच वर्षी फ्लोरिडात पालक आणि तज्ज्ञ एकत्र येऊन 'चॅड' ही संस्था निघाली. नाव मिळालं त्याच वर्षी माणसं जमली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वांड पोराच्या आया एकत्र बसत नाहीत, एकमेकींना टाळतात. ज्याला नाव आहे त्याच्या आया एकत्र बसू शकतात.

आपल्याकडे हे मुंबईतून सुरू झालं आणि वेगळ्या दारानं आलं. वाचता-लिहिता न येणाऱ्या मुलांच्या दारानं. १९९६ साली मुंबईत पालक आणि तज्ज्ञांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काढली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा दवाखाना चालू होता. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं अशा मुलांना शालेय परीक्षांत सवलती दिल्या, जास्तीचा वेळ, दुसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. देशात हे पाऊल आधी टाकलं ते महाराष्ट्रानं. त्यात घासाघीस झाली असणार, चकरा झाल्या असणार. कुणाच्या तरी आईनं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय असा कागद निघत नाही. पण तो कागद दादर-ठाण्यापासून अंबडला पोचायला किती वर्षं लागली, ते मला विचारा. १९९६ ला मी नोकरीत होते आणि रोज फळ्यासमोर उभी होते. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' आला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला. आमच्या वसाहतीतल्या बायकांनी तो टीव्हीवर बघितला आणि दुसऱ्या दिवशी तिघी माझ्याकडे आल्या. मला ते बरं वाटलं आणि थोडं खटकलंही. सिनेमातला पोरगा अक्षरांशी झगडतो आणि शेवटी चित्रात पहिला येतो. माझ्याकडच्या पोरांत असा कलाकार एखादाच निघायचा. बाकीच्यांनी काय करायचं? पहिलं आल्यावरच पोर माफ होतं, हा धडा मला पटला नाही.

खरी गाडी आली २०१३ साली. गाडीच म्हणते, कारण ती खरोखर जीपमधून येते. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. पथकात दोन डॉक्टर, एक नर्सबाई, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, आणि शोधायच्या आजारांची यादी ठरलेली, ३० नावांची. दुभंगलेले ओठ, हृदयाला छिद्र, रक्तक्षय, दातांची कीड, आणि त्याच यादीत एडीएचडी. सुनेनं ती यादी मोबाइलवर दाखवली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. शासनाच्या कागदावर, खरजेच्या आणि दातांच्या शेजारी, आमचा घंटेवाला बसला होता. ज्याला या तपासणीत काही निघतं, त्याला जिल्ह्याच्या केंद्रात पुढे पाठवायचं, अशी सोय कागदावर आहे.

दुसरी यादी २०१६ ची. दिव्यांग हक्कांचा कायदा. जुन्या ७ प्रकारांचे २१ झाले. त्यात स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. एडीएचडी नावानिशी आली नाही. म्हणजे आरोग्य खात्यानं पोर शोधायचं, आणि हक्काच्या कायद्यात त्याचं नाव नाही. ज्याला अध्ययन अक्षमताही आहे, आणि ही दोन पुष्कळदा जोडीनं असतात, तो त्या दारानं आत जातो. ज्याला नुसती एडीएचडी, तो उंबऱ्यात. माझा नातू असाच. बीजगणित त्याला आवडतं, पण प्रश्न पुरा वाचायच्या आत उत्तर लिहितो. त्याला वेळ हवा आहे, आणि शांत खोली.

आणि तळावरची पोरं कुठल्याच यादीत नाहीत. पथक गावच्या शाळेत जातं तेव्हा पोर फडावर असतं. पथक इथल्या शाळेत येतं तेव्हा त्याचं नाव इथल्या पटावर नसतं. पूर्वी कारखान्यांच्या तळांवर हंगामी साखरशाळा चालायच्या. पुढे धोरण बदललं, पोरांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवायचं ठरलं. काहींना ते मिळालं, काही अजूनही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. वाढ्यांच्या भाऱ्यावर बसलेल्या पोराची चुळबुळ कोण मोजणार?

औषधाचं एक सांगते, कारण लोक भितात. मी काही सल्ला देत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. नातवाला दिलेली गोळी मादक द्रव्यांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे प्रत्येक दुकानात ठेवत नाहीत, चिठ्ठीशिवाय देत नाहीत. उन्हाळ्यात तो इथे आला की महिन्याचा हिशोब करून पुण्याहूनच आणतो. पण गोळीइतकाच फरक दोन गोष्टींनी पडला. सूनबाई दर पंधरा दिवसांनी अशाच पालकांच्या गटात जाऊन बसते, आणि नव्या शाळेतल्या वर्गशिक्षिका त्याला हजेरीपट कार्यालयात पोचवायला पाठवतात. घंटा आता विजेची झाली आहे, नाहीतर तीच दिली असती.

आमच्या ओट्यावरही आता रविवारी चौघी-पाचजणी बसतात. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक कारखान्यातल्या वेल्डरची बायको, एक अंगणवाडी सेविका, एक शहागडहून येते. पहिले दोन महिने त्या नुसत्या सांगत होत्या, सासू काय म्हणाली, मास्तर काय म्हणाले. आता त्यांनी कागद करायला घेतला आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायला. मागण्या दोनच. परीक्षेत या पोरांना जास्तीचा वेळ, आणि पथक येईल त्या दिवसाची आगाऊ सूचना, हंगामात तळावर जायची तरतूद धरून. मसुद्यातलं शुद्धलेखन मी बघते.

आणि माझ्या जागेवर आज जे उभे आहेत, त्या गुरुजींना आणि बाईंना माझं एक सांगणं आहे. यंदा पथकाची जीप दारात येईल तेव्हा वर्ग शांत दिसला नाही तरी चालेल. त्या दिवशी त्या पोराला पाण्याला पाठवू नका.