कापूस, यंत्र आणि स्त्रीश्रम : वऱ्हाडच्या इतिहासाचे एक स्त्रीवादी वाचन

प्रस्तावना

तंत्रज्ञान समाजनिरपेक्ष असते, ही समजूत आपल्या इतिहासलेखनात दीर्घकाळ रूढ होती. एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये विकासप्रक्रियेतील स्त्रियांच्या स्थानाकडे लक्ष वेधले, तर ज्यूडी वाज्कमन यांनी १९९१ मध्ये तंत्रज्ञानाच्या घडणीतच लिंगभावाधारित सत्तासंबंध असतात, असे प्रतिपादन केले. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले इंझोरी हे गाव ज्या वऱ्हाडी कापूसपट्ट्यात येते, त्याच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात हा विचार तपासून पाहिला आहे.

घरातील रेच्याकडून जिनिंगकडे

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली आणि १८७० मध्ये खामगावची बाजारपेठ लोहमार्गाने जोडली गेली. तोवर सरकी काढणे व सूत कातणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया घरी करीत. ती व्यवस्था समतेची नव्हती; मात्र साधन घरात होते. वाफेवरील जिनने ते साधन भांडवलदाराच्या मालकीचे केले. रेच्यात कापूस घालण्याच्या कामावर मुख्यत्वे स्त्रिया राहिल्या. इंजिनचालक व फिटर मात्र पुरुष झाले.

संरक्षण की वर्जन?

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातून वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने वगळण्यात आले होते. हंगामी जिनमधील स्त्रियांना त्यामुळे संरक्षण मिळाले नाही. १८८४ मध्ये नेमलेल्या मुंबई कारखाना आयोगासमोर खानदेशातील जिनिंगमध्ये रात्रंदिवस काम चालत असल्याच्या साक्षी झाल्या. पुढे १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांपुरते मर्यादित केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यातील कलम २२ ने चालू यंत्रांच्या काही भागांची सफाई व वंगण देणे स्त्रियांना मना केले. कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या भागात, विभाजक भिंतीचा अपवाद सोडता, त्यांना काम देण्यास बंदी घातली. धोका खरा होता. परंतु यंत्र सर्वांसाठीच सुरक्षित करण्याऐवजी स्त्रीला दूर ठेवण्याचा मार्ग निवडला गेला आणि यंत्रज्ञानाशी निगडित कौशल्याची वाट तिच्यासाठी अरुंद झाली.

शेतातील नवे तंत्र

१९७० मध्ये गुजरातेत विकसित झालेल्या ‘संकर-४’ वाणाने संकरित कापसाचे युग सुरू केले. त्याच्या बीजोत्पादनासाठी फुलांचे हाताने परागीकरण करावे लागते. ते नाजूक, वेळखाऊ काम बहुतांशी स्त्रिया व मुलींवर सोपविले गेले. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. तणनाशकांनी स्त्रियांची निंदणीची मजुरी घटविली, तर कापसाची वेचणी आजही मुख्यतः त्यांच्याच हातांनी होते आणि तिचा दर किलोवर ठरतो. सोयाबीन पसरले तसे मळणीयंत्र व हार्वेस्टर आले. ती चालविणारे हात प्रायः पुरुषांचेच राहिले.

निष्कर्ष

या इतिहासावरून असे दिसते की, यंत्राने स्त्रीचे श्रम सरसकट संपविले नाहीत. त्यांची जागा, मोल आणि प्रतिष्ठा बदलली. त्या बदलाची दिशा यंत्रापेक्षा साधनांची मालकी, कौशल्याची संधी व कायद्याची दृष्टी यांनी ठरविली. उद्या कापूस वेचणीचे यंत्र आपल्या शिवारात रुळले, तर ते कोणाच्या नावे असेल, ते चालविण्याचे प्रशिक्षण कोणाला मिळेल आणि बुडालेल्या मजुरीचे काय, हे प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. त्यासाठी जुन्या जिनिंगची हजेरीपुस्तके आणि वृद्ध मजूर स्त्रियांच्या आठवणी काळाच्या ओघात नष्ट होण्यापूर्वी नोंदविणे, हे येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे निकडीचे कार्य आहे.