कोनेस्टोगा : एका टगबोटीचा शेवटचा प्रवास

१/ २५ मार्च १९२१. अमेरिकी नौदलाची एक टगबोट दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीतून खुल्या समुद्रात शिरली. तिच्यावर ५६ माणसे होती. पर्ल हार्बरला ती कधीच पोहोचली नाही. ती नेमकी कोठे बुडाली, हे जगाला कळायला ९५ वर्षे लागली. आजचा थ्रेड या ‘कोनेस्टोगा’विषयी.

२/ आरंभी टगबोट म्हणजे काय ते पाहू. आकाराने लहान, पण इंजिनाने बलदंड अशी ही नौका. मोठी जहाजे ओढणे, बंद पडलेल्या जहाजांना बंदरात आणणे, माल भरलेले बार्ज दोराने खेचून नेणे, ही तिची कामे. ओढीचा दोर अडू नये म्हणून तिचा मागचा भाग बुटका ठेवतात. वादळात मात्र हीच सोय घातक ठरू शकते, कारण लाटा त्या बुटक्या भागावरून सहज आत येतात.

३/ कोनेस्टोगा जन्माने लढाऊ नव्हती. १९०४ मध्ये मेरीलँड राज्यातील स्पॅरोज पॉइंट येथे ती बांधली गेली, तीही एका रेल्वे कंपनीसाठी. फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेचे कोळशाचे बार्ज पूर्व किनाऱ्याने ओढून नेणे हे तिचे काम होते. लांबी १७० फूट, रुंदी सुमारे २९ फूट. टगबोटीच्या मानाने ती चांगलीच मोठी होती.

४/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि नौदलाला सहायक नौकांची निकड भासू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नौदलाने कोनेस्टोगा विकत घेतली आणि १० नोव्हेंबर १९१७ रोजी ती सेवेत दाखल झाली. कोळसा ओढणाऱ्या नौकेवर आता तोफ चढली. या तोफेची आठवण ठेवा. कथेच्या शेवटी तिचीच साक्ष निर्णायक ठरणार आहे.

५/ युद्धकाळात तिने अटलांटिक किनाऱ्यावर ओढकाम केले, रसद व तोफा वाहून नेल्या आणि बर्म्युडा व अझोर्स बेटांकडे जाणाऱ्या ताफ्यांना सोबत केली. युद्ध संपल्यावरही अझोर्स येथे राहून ती निकामी जहाजांना मदत करीत होती. सप्टेंबर १९१९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली. पुढे नॉरफोक बंदरातील नित्याची कामे तिच्या वाट्याला आली. युद्धाच्या इतिहासात विजयी युद्धनौकांची नावे झळकतात. त्यांना चालते ठेवणाऱ्या अशा नौका बहुधा तळटिपेतच राहतात.

६/ १९२० मध्ये तिला नवा हुकूम मिळाला : पॅसिफिक महासागरातील अमेरिकन सामोआमध्ये, तुतुइला बेटावरील नौदल ठाण्याच्या सेवेत रुजू व्हावे. १८ नोव्हेंबरला तिने नॉरफोक सोडले. ७ जानेवारी १९२१ रोजी ती सॅन दिएगोला पोहोचली. फेब्रुवारीत मेअर आयलंडच्या नौदल गोदीत तिची दुरुस्ती झाली. पुढचा टप्पा होता हवाई. नेतृत्व लेफ्टनंट अर्नेस्ट लार्किन जोन्स यांच्याकडे होते.

७/ निघाली त्याच दिवशी वारा चढत गेला. ताशी सुमारे ३७ किलोमीटरवरून तो ६४ किलोमीटरवर पोहोचला आणि समुद्र खवळला. कोनेस्टोगा वादळाशी झुंजत असून तिने ओढून आणलेला बार्ज सुटला आहे, अशा आशयाचा एक अस्पष्ट बिनतारी संदेश दुसऱ्या जहाजामार्फत पुढे पोहोचला. त्यानंतर शांतता.

८/ ती न आल्याचे ध्यानात आल्यावर नौदलाने हवाई बेटांभोवती विस्तीर्ण सागर धुंडाळला. जहाजे निघाली, विमाने निघाली. त्या काळातील सर्वांत मोठ्या शोधमोहिमांपैकी ही एक होती. नौका हवाईच्या दिशेने निघाली होती, तेव्हा ती त्याच वाटेवर असणार, हा तर्क साहजिक होता.

९/ १७ मे रोजी मेक्सिकोतील मान्झानियो बंदरापासून शेकडो मैल पश्चिमेला एका जहाजाला मोडकी जीवनरक्षक होडी सापडली. तिच्या नाळेवर ‘सी’ हे अक्षर होते, म्हणजे कोनेस्टोगाचे आद्याक्षर. शोधाचा रोख दक्षिणेकडे वळला. हाती काही लागले नाही. ३० जून १९२१ रोजी नौदलाने नौका सर्व माणसांसह गमावल्याचे जाहीर केले.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. नौका निघून तोवर ५३ दिवस झाले होते. कॅलिफोर्नियाचा सागरी प्रवाह किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहतो. तरंगणारी वस्तू कोठे सापडली यावरून ती कोठून निघाली हे ठरत नाही. पुरावा आणि घटनास्थळ यांच्यामध्ये काळ उभा असतो, आणि समुद्रात तर प्रवाहही असतो.

११/ २००९ मध्ये फॅरालोन बेटांजवळच्या सागरतळाचे ध्वनिलहरींनी सर्वेक्षण होत असताना नकाशावर नसलेले एक भग्न जहाज दिसले. ही बेटे सॅन फ्रान्सिस्कोपासून केवळ ४५ किलोमीटरच्या आसपास आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेतील जेम्स डेल्गाडो व रॉबर्ट श्वेमर यांनी दूरनियंत्रित कॅमेरा खाली सोडून पाहणी सुरू केली.

१२/ सुमारे १८९ फूट खोलीवर एक टगबोट विसावली होती. लाकडी डेक कोसळून सांगाड्यात पडला होता. समुद्रफुलांनी आणि माशांनी तिला घर केले होते. बाष्पइंजिन, बॉयलर, ओढीचे यंत्र यांचा मेळ जुन्या छायाचित्रांशी बसत गेला. शेवटी दिसली ती तीन इंची तोफ. व्यापारी टगबोटीवर अशी तोफ नसते. २०१५ मध्ये ओळख पक्की झाली.

१३/ संशोधकांचा तर्क असा : वादळात पाणी शिरू लागल्यावर नाविकांनी आग्नेय फॅरालोन बेटावरील एका खाडीचा आसरा गाठण्याचा प्रयत्न केला असावा. त्या बेटापासून सुमारे तीन मैलांवर त्यांचा प्रवास संपला. म्हणजे हवाईभोवती आणि मेक्सिकोसमोर शोध चालू असताना नौका निघाल्या बंदराच्या दाराशीच पडून होती.

१४/ २३ मार्च २०१६ रोजी वॉशिंग्टन येथे हा शोध जाहीर झाला, तेव्हा काही नाविकांचे वंशज उपस्थित होते. आज हे भग्नावशेष कायद्याने संरक्षित आहेत. ते ५६ जणांचे विश्रांतिस्थान मानले जाते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या केवळ ‘समुद्रात हरवले’ एवढेच सांगितले गेले, त्यांना आता नकाशावर बोट ठेवता येते. इतिहास गेलेल्यांना परत आणीत नाही. पण ते कोठे थांबले, हे सांगण्याचे ऋण तो कधीकधी फेडतो.