मरणाऱ्याचा जबाब

नाटकातल्या माणसाला मरायला फार वेळ लागतो. पोटात तलवार गेली तरी तो लगेच जात नाही. आधी मित्राला हाक मारतो, मग आकाशाकडे बघतो, मग थोडं तत्त्वज्ञान, मग राज्याची निरवानिरव. एवढ्या वेळात आमच्या काउंटरवर ड्राफ्टसुद्धा निघतो! पण गंमत बघा, ह्या मंडळींचं आयुष्यभराचं बोलणं लोक विसरतात आणि जातानाचं तेवढं धरून ठेवतात. म्हणून मी, एक साधा बी. कॉम. कारकून, ह्या शेवटच्या वाक्यांचा ताळा करायला बसलो.

पहिलं खातं हॅम्लेटचं उघडलं आणि तिथंच डोकं फिरलं. १६०३ साली छापलेल्या प्रतीत तो, देवा, आत्मा पदरात घे, अशा अर्थाचं काही बोलून जातो. वर्षा-दोन वर्षांत दुसरी प्रत निघाली, तीत तो देवाचं नाव न घेता नुसता शांततेच्या गोष्टी करून डोळे मिटतो. आणि १६२३ च्या जाडजूड ग्रंथात, म्हणजे शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर, त्या शांततेनंतरही तो चार वेळा 'ओ' म्हणतो! इंग्रजीत 'ओ' आणि शून्य दिसायला भाऊभाऊ. थोडक्यात, मूळ रकमेपुढे कुणीतरी चार शून्यं वाढवली. हा उद्योग मुख्य नटाचा असावा, असं काही पंडितांचं अनुमान आहे. आमच्याकडे हे झालं असतं तर चौकशी लागली असती. तिथं नुसत्या तळटीपा लागल्या.

ज्युलियस सीझरचंही तेच. ब्रूटसला लॅटिनमध्ये विचारलेला तो प्रश्न साहेबापासून शिपायापर्यंत सगळे वापरतात, विशेषतः प्रमोशनची यादी लागल्यावर. त्यानंतरही सीझर आणखी तीन शब्द बोलून पडतो, त्यांना कुणी विचारत नाही.

मरणाऱ्याच्या शब्दांना कायदा मात्र फार मान देतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३२ होतं. आपलं मरण कशामुळे ओढवलं हे मरणाऱ्याने सांगितलं असेल, तर तो साक्षीच्या पिंजऱ्यात येऊ शकत नसला तरी त्याचं बोलणं पुराव्यात घ्यावं, असं ते कलम. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू झाला आणि त्याचं कलम २६ झालं. नंबर बदलला, तत्त्व तेच. ह्यामागची जुनी समजूत अशी की, देवाघरी निघालेला माणूस तोंडात खोटं घेऊन जात नाही.

समजूत छान आहे. फक्त ती बाळगणाऱ्यांनी नाटकं फारशी पाहिलेली नसावीत.

'ऑथेल्लो'च घ्या. १६०४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या राजवाड्यात ह्या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. संशयाने पेटलेला नवरा डेस्डिमोनाचा गळा दाबतो. ती मेली असं आपण धरून चालतो, तेवढ्यात ती पुन्हा बोलते. हे कुणी केलं, असं एमिलिया विचारते. डेस्डिमोना सांगते की कुणीच नाही, माझं मीच. आणि वर नवऱ्याला निरोप देऊन जाते! मरणाऱ्याचा जबाब, आणि धडधडीत खोटा.

हे नाटक १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव' म्हणून मराठीत आणलं. मग २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्याला गंधर्व मंडळीने 'एकच प्याला' केला. राम गणेश गडकरी तो बघायला नव्हते, २३ जानेवारीलाच गेले होते, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. त्यात सिंधू नवऱ्याच्या हातच्या माराने मरायला टेकलेली, तान्हं मूल आधीच गेलेलं. आणि ती काय करते? पोलिसांपुढे त्याच नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. बालगंधर्वांची सिंधू पाहताना थिएटर पाझरायचं म्हणतात. त्यात दोन पेग लावून आलेलेही असणारच.

दोघींचं खोटं फुकट गेलं, ही आणखी एक गोष्ट. ऑथेल्लो स्वतःच, ती खोटं बोलली, मी मारलं, म्हणून मोकळा होतो. सुधाकर विषाचा प्याला जवळ करतो. म्हणजे आरोपींना जे झाकावंसं वाटलं नाही, ते ह्या बायकांनी शेवटच्या श्वासात झाकलं. आणि आपण पुरुषमंडळी रुमाल काढून म्हणतो, काय ती थोर!

'एकच प्याला'चा एक नवा प्रयोग आम्ही दोघांनी पाहिला. परत येताना मी रिक्षात बराच वेळ हुंदके आवरत होतो. ही गप्प. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अहो, तिचं सगळं ठीक आहे हो. पण त्या लेकराचा जबाब कुणी घ्यायचा?"

मी विषय बदलावा म्हणून 'ऑथेल्लो' सांगू लागलो. तिथं एमिलिया नवऱ्याचं कारस्थान सगळ्यांसमोर उघडं करते. गप्प बैस म्हटलं तरी बसत नाही, म्हणून तो तिला भोसकतो.

"मग ती मरताना काय म्हणाली?"

आता आली पंचाईत. हॅम्लेट ठाऊक, सीझर ठाऊक, एमिलियाचं कुणी पाठ करतं का? घरी जाऊन पुस्तक काढलं. मी खरं तेच बोलले, मनात होतं तेच बोलले, आता सुखाने जाते, असा काहीसा मतलब निघाला.

"हे नीट लिहून ठेवा," ही म्हणाली आणि दूध तापवायला आत गेली.